काकांच्या कपाटातली तोंडं

आमचे काका समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नाहीत. ते त्याच्या दातांशी बोलत. नव्या माणसाला वाटे, आपल्या दातात काहीतरी अडकलंय. तो बिचारा जिभेने चाचपत राही आणि काय सांगायला आलो होतो तेच विसरून जाई.

काकांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर दात उपटत आणि पेशंटला काकांकडे पाठवत. "ते उजाड करतात, मी वस्ती करतो," असं काका म्हणायचे. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर सुस्कारा टाकून सांगायचे, "मला ज्या आवडल्या त्यांचे दात चांगले होते. माझी गरज त्यांना नव्हती. ज्यांना माझी गरज होती त्या नातवंडांना घेऊन यायच्या."

धंद्याचा त्यांचा एक कडक नियम होता. गिऱ्हाईकाचं नाव कशावरही घालायचं नाही. प्लास्टरचा साचा पाहूनच त्यांना कळे, हे तोंड कुणाचं. रस्त्यात कुणी गिऱ्हाईक दिसलं तर काका अनोळखी माणसासारखे पुढे निघून जात. समोरचा आपणहून बोलला तरच बोलत. लोक त्यांना शिष्ट म्हणत. चौकात उभं राहून खदाखदा हसणाऱ्या कितीतरी माणसांचं हसू काकांनी घासून, तासून, चकाकी देऊन तयार केलेलं होतं. पण ते कुणाकुणाचं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

घरच्यांवर मात्र हा नियम उलटा चालायचा. कुटुंबातल्या कुणाचं शाळा-कॉलेज संपलं की काका त्याला दुकानात बोलावत, गळ्याला टॉवेल बांधत आणि तोंडात गुलाबी लगदा कोंबत. "नाकाने श्वास घे. समुद्राचा विचार कर." मी समुद्राचा विचार केला, तेव्हा मला बोट लागली. काका शांतपणे म्हणाले, "तळ्याचा कर." लग्न होऊन घरात आलेल्या सुनांनाही यातून सूट नव्हती. असे आमचे सगळ्यांचे साचे त्यांच्याकडे होते. "पुढे कामाला येतील," म्हणायचे. कसल्या कामाला, ते विचारायची आमची छाती नव्हती.

यातून एकटी सुटली ती आत्या, म्हणजे काकांची धाकटी बहीण. "मी काय बाजारातला घोडा आहे, तोंड उघडून दाखवायला?" असं म्हणून तिने भावाला जे परतवून लावलं ते कायमचं. आणि खरं सांगायचं तर आत्याला गरजही नव्हती. तिचे दात आमच्या घराण्याची शान होते. पांढरेशुभ्र, एका ओळीत, फोटोत सगळ्यांत आधी तेच दिसायचे. कुणी कौतुक केलं की आत्या मान ताठ करून म्हणायची, "सगळे माझे स्वतःचे आहेत हो." वहिनी माझ्या कानात पुटपुटायची, "स्वतःचेच. दुसऱ्याचे कोण घालतं?"

कारण ते खरे नव्हते, हे आम्हाला ठाऊक होतं. आत्या सफरचंद चिरल्याशिवाय खात नसे. शिंक आली तर दोन्ही हातांनी तोंड असं झाकायची की जणू आतून कुणी पळून जाणार आहे. आमच्याकडे मुक्कामाला आली की रात्रीचं शेवटचं वाक्य ती जेवणाच्या टेबलावर बोलायची आणि मग सकाळपर्यंत घट्ट तोंड मिटून मानेनेच काय ते सांगायची. आम्ही प्रत्येकाने हे आपापलं ओळखलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. फक्त दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, पत्ता नव्हता. दादाने उभी हयात कोर्टात कारकुनी केली. पुराव्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे, आणि पुरावा समोर ठेवला तर तो त्याला दिसत नसे. लोकांना तो सांगत फिरायचा, "आमच्या आत्याचे दात बघा! या वयात! हाडाचाच गुण."

काका गेले आणि महिन्याभरात घरमालकाला जागा रिकामी करून द्यायची ठरली. एका रविवारी मी, दादा आणि वहिनी सकाळीच तिथे पोचलो. नको ते सामान उचलायला दुपारी राडारोड्याची गाडी येणार होती. आत्याने आधीच कळवलं होतं, "मला त्या घरातली काडीसुद्धा नको." आणि आमच्याही आधी ती येऊन पायरीवर बसली होती.

"पडदे कुणीतरी नीट उतरवायला हवेत," ती म्हणाली. "तुम्ही ओढून फाडाल."

दुकानाला पडदे दोनच. त्यातला एक उतरवून घडी घालायला आत्याला तासभर लागला. घडी घालायची जागा तिने नेमकी मोठ्या कपाटासमोर निवडली होती.

ते कपाट वहिनीने उघडलं आणि ती किंचाळली. मीही किंचाळले असते, पण एका कुटुंबात एकाच वेळी दोघींनी किंचाळणं बरं दिसत नाही. आतल्या फळ्यांवर तोंडंच तोंडं. पांढरी, पिवळट, दात असलेली, नसलेली, काही दोऱ्याने वरचा-खालचा जबडा बांधून ठेवलेली. सगळ्यांनी एकदम आमच्याकडे बघून दात विचकले.

"काय हो हे!" वहिनी दाराआडून म्हणाली.

"काकांची माणसं," दादा गंभीरपणे म्हणाला. "वरच्या फळीवर घरचे असणार. हात लावू नका. क्रमाने घेऊ."

नावं कुठेच नव्हती. तेव्हा दादाने काकांच्याच टेबलावरच्या गुलाबी मेणाच्या पट्ट्या काढल्या, वाडग्यात गरम पाणी आणलं आणि जाहीर केलं, की प्रत्येकाने मऊ मेण चावायचं; ज्याचा चावा ज्या साच्यावर बसेल, तो साचा त्याचा. बाकीचे घमेल्यात.

चावण्याआधीच दादाने एक सुंदर साचा उचलून छातीशी धरला. "हा माझा. बघा कशी कमान आहे. कॉलेजात मला लोक वळून बघायचे."

"आणि हा कुणाचा?" वहिनीने दुसरा दाखवला. त्यातला एक पटाशीचा दात दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसला होता.

"असेल कुणा म्हातारबुवाचा. उंदराने कुरतडल्यासारखा दिसतोय."

मेण चावून झालं. छातीशी धरलेला सुंदर साचा वहिनीचा निघाला. उंदराने कुरतडलेला दादाचा होता. दादाने मेण उलटसुलट करून बघितलं, पुन्हा चावलं, फेरतपासणीची मागणी केली. वहिनी आपला साचा पदरात घ्यावा तसा घेऊन बसली आणि म्हणाली, "तरी लग्नाच्या फोटोत तुम्ही तोंड का मिटलं होतं, ते आज कळलं."

माझा सापडला. त्यात एक दाढ अशी काही दिमाखात उभी होती की ती पुढे मला इतका त्रास देईल असं कुणाला वाटलं नसतं. आमच्या वडिलांचा साचा ओळखायला मात्र मेण लागलं नाही. पुढच्या दोन दातांमधली ती फट! त्यातून ते इतकी सुरेख शीळ घालायचे, की गल्लीच्या टोकालाच आम्हाला कळायचं, बाबा आले. दादाने तो साचा हातात घेतला आणि बराच वेळ काहीच नियम सांगितला नाही.

आत्या खिडकीजवळ त्याच पडद्याची पुन्हा घडी घालत होती. "माझा कुठला असायला!" ती म्हणाली. "मी कधी दिलाच नव्हता."

तिला कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मी दिलाच नव्हता ना. मग कुठून असणार?"

फळी रिकामी करताना अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवलेलं एक गाठोडं दादाच्या हाती लागलं. काकांचा बाहेर जायचा मफलर, चांगला लोकरीचा, ज्याला ते प्लास्टरचा कणही लागू देत नसत, तो गुंडाळलेला. आत एक साचा. नाजूक, छोटा, एकही दात नसलेला. बाकीच्यांवर धूळ होती. हा लख्ख होता.

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे बघितलं, आणि आम्ही दोघींनी आत्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. तरीही तिच्या हातातली घडी सुटून पडदा जमिनीवर पसरला, ते दिसलंच. आत्याला त्या घरातली एवढी एकच गोष्ट हवी होती. आणि ती मागायची तर इतकी वर्षं सांभाळलेले 'स्वतःचे' दात आमच्यासमोर सोडून द्यायला हवे होते.

दादाच्या डोक्यात मात्र वेगळाच दिवा पेटला होता.

"बाईचा जबडा आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लपवून ठेवलेला. मफलरमध्ये. याचा अर्थ काय होतो?"

"याचा अर्थ मफलर रिकामा होता," वहिनी म्हणाली.

"अगं, प्रेम! काकांचं कुणावर तरी प्रेम होतं!" दादाचा आवाज चढला. "म्हणून लग्न केलं नाही! आणि आपण इतकी वर्षं त्यांना अरसिक समजत होतो!"

"भाऊ तसला नव्हता!" आत्या कडाडली.

"कसला?"

"दात नसलेल्या बायकांच्या मागे लागणारा!"

"प्रेम दात बघत नाही, आत्या. तुला नाही कळायचं. तुझे सगळे शाबूत आहेत."

आत्याने दातओठ खाल्ले. निदान ओठ तरी नक्की.

वहिनीने प्रसंग ओळखून हात पुढे केला. "द्या इकडे. मी ठेवते घरी."

"कशाला? परक्या बाईचं तोंड आपल्या घरात? हक्क सांगायला कुणी आलं तर त्यांचं, नाहीतर घमेल्यात. गाडी येईल आता."

आणि हक्क सांगायला माणूस आलंच. शेजारच्या बेकरीवाल्या आजी चहाची किटली आणि गरम पाव घेऊन दारात उभ्या राहिल्या. या आजी म्हणजे पिठाने माखलेला आनंद. त्यांची कवळी साऱ्या गल्लीला माहीत होती, कारण निम्मा वेळ ती त्यांच्या ॲप्रनच्या खिशात असे. "बोलायला लागले की मध्ये मध्ये करते मेली," असं म्हणून त्या ती काढून ठेवत.

दादाने त्यांना खुर्ची दिली आणि उलटतपासणी सुरू केली. "आजी, काकांची आणि तुमची ओळख किती जुनी?"

"अहो, माझी कवळी त्यांनीच केली! रोज सकाळी पाव घ्यायला यायचे. 'छान हसता' म्हणायचे."

"हसण्याला म्हणायचे की कवळीला?"

आजींनी विचार केला. "तेव्हा मला फरक कळला नाही."

"त्यांनी कधी काही सूचित केलं?"

"एकदा म्हणाले, खालची जरा घासून देतो."

दादाने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, मफलर उलगडला आणि सगळी हकिकत सांगितली. आजींच्या गालावर पिठाखालून लाली चढली. "बाई बाई! मफलरमध्ये!" त्यांनी लगेच कवळी काढून खिशात टाकली आणि आ वासला. दादाने मऊ मेण त्यांच्या टाळूला दाबून बसवलं, काढलं आणि साच्यावर ठेवलं. मेण एका बाजूने उचललेलं राहिलं.

"जवळपास बसतंय," दादा म्हणाला.

"जवळपास म्हणजे?" आत्याने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वयाने हिरड्या झिजतात गं. एवढा फरक चालतो."

"हिरड्या झिजतात. टाळूवरच्या रेघा नाही बदलत. भाऊ नेहमी सांगायचा."

पण आजी ऐकायच्या पलीकडे गेल्या होत्या. साचा कुठे ठेवायचा ते त्यांनी ठरवूनही टाकलं होतं: बेकरीच्या काउंटरवर, काचेच्या बरणीत, बिस्किटांच्या शेजारी. "येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीन. म्हणेन, बघा, माझ्यावर जीव होता एका माणसाचा." दादा साचा पुन्हा मफलरमध्ये गुंडाळायला लागला.

"थांब," आत्या म्हणाली.

तिने आमच्याकडे पाठ केली. मग काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा तोंड आमच्याकडे वळवलं. टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला. एक हात तोंडाकडे गेला. टक्. वरची. टक्. खालची. आमच्या घराण्याची शान रुमालावर हसत पडली. आत्याचे गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि शेवटच्या आजारात कवळी काढून ठेवलेले काका हुबेहूब समोर उभे राहिले. इतकं साम्य मला आजवर कधी दिसलं नव्हतं.

"अरे देवा! पडले! सगळे पडले!" दादा ओरडला. "आत्या, हलू नकोस! बसून घे! कुणीतरी पाणी आणा!" तो खरोखरच वाकून जमिनीवर आणखी काही सांडलंय का ते बघायला लागला.

"मेण आण," आत्या म्हणाली. तिचे शब्द मऊ, गोल, कडा नसलेले येत होते, पण हुकूम तो हुकूमच.

तिने मेण स्वतःच घेतलं, पाण्यात बुडवलं, टाळूला दाबलं. मग ते काढून तिने साच्यावर ठेवलं, आणि ते असं बसलं, की जणू तिथून कधी उठलंच नव्हतं. रेघेला रेघ.

आत्या साच्याच्या टाळूवरून अंगठा फिरवत राहिली. "मुलं लहान होती तेव्हाच हिरड्या गेल्या माझ्या," ती म्हणाली. "कुणाला सांगणार? दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी मागच्या दाराने आले. इतकी वर्षं याला घोडा, बाजार, काय काय बोलले होते. वाटलं, आता हा मला सोलून काढणार. एक शब्द बोलला नाही. लगदा कालवला आणि म्हणाला, नाकाने श्वास घे." ती थांबली. "जाताना मी बजावलं होतं, हा साचा फोडून टाक. कुणाला दिसता कामा नये. म्हणाला, फोडतो."

"मग?" दादा अजून गुडघ्यांवरच होता.

"मग काय! खोटारडा मेला." आत्याचे डोळे भरून आले आणि तोंडभर, बिनदातांचं हसू फुटलं. "सकाळपासून मलाच कळेना, हा सापडू नये असं वाटतंय की सापडावा."

"पण आत्या, ते दात... हाडाचा गुण..." दादा वहिनीकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"लग्न होऊन आले त्या आठवड्यात कळलं मला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही साक्षीदार बोलावले असते."

आजींचं प्रेमप्रकरण असं अर्ध्या तासात आटोपलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी खुर्ची ओढून आत्याच्या शेजारी घेतली आणि विचारलं, "तुमची खालची हलते का हो?"

आत्या जरा बिचकली. हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. "हलते," ती म्हणाली. "डावीकडे."

"माझीही डावीकडेच! भाऊंचा हात डावीकडे जरा हलका होता."

"तो डावखुरा होता ना. लहानपणी त्याला पाटीवर..." आणि आत्या सुरू झाली. पाव चहात बुडवत दोघी म्हाताऱ्या कवळी, हिरड्या, आणि काकांचे लगद्याने बरबटलेले हात यांवर अशा काही तुटून पडल्या, की राडारोड्यावाला येऊन घमेली उचलून गेला तरी त्यांना कळलं नाही. भावाबद्दल आत्या एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या हातांबद्दल बोलायचं म्हणजे आपल्या दातांबद्दल बोलणं आलं. म्हणून बिचारीने सगळंच मिटवून ठेवलं होतं.

दुपार कलली तसे आम्ही कुलूप लावून निघालो. आत्या मफलरचं गाठोडं कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. बसथांब्यावर पोचलो आणि वहिनी एकदम म्हणाली, "आत्या, तुमचे दात!"

आत्याने तोंड चाचपलं. पाव खाण्याच्या नादात ते टेबलावरच राहिले होते. दादा चावीसाठी खिसे उपसतोय तोवर रस्त्याच्या टोकाकडून बेकरीवाल्या आजी धापा टाकत येताना दिसल्या. हातात पावाची कागदी पिशवी, आणि चेहरा काहीतरी वेगळाच. जवळ येऊन त्या हसल्या. ओळीने लखलखणारं, ओळखीचं हसू.

"किटलीबरोबर तुमचा रुमालही उचलून नेला मी. जरा घालून बघितले," त्या म्हणाल्या. "डावीकडे माझ्यापेक्षा तुमचेच बरे बसतात हो!"

दादाने डोळे मिटून घेतले. आजींनी तिथेच दात काढले, ॲप्रनने पुसले, पिशवीत टाकले आणि आत्याच्या हातात दिले. बस आली. गर्दी होती, कुणीतरी उठून आत्याला खिडकीजवळची जागा दिली.

"आत्या, घालून घे ना," दादा कळवळून म्हणाला. "लोक बघतायत."

"असू दे पिशवीत," आत्या म्हणाली. "घरी गेल्यावर धुऊन घालते. आधी हे धर... नको, हे राहू दे माझ्याकडे." तिने गाठोडं मांडीवर नीट बसवलं, खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि मागे राहिलेल्या आजींना मोठ्याने ओरडून सांगितलं, "पुढच्या रविवारी येते! तुमची खालची बघू!"

समोरच्या बाकावरचं तान्हं मूल तिच्याकडे टक लावून बघत होतं. त्याला अजून एकही दात आला नव्हता. आत्या त्याच्याकडे बघून हसली, आणि ते इतकं खूश झालं की तेही हसलं.